घाटात काकांना घाम फुटला

पहाटे साडेचारला परळच्या बीआयटी चाळीपाशी आम्ही सात जण जमलो. चैत्यभूमीवर वंदना घेतली आणि सायकली पनवेलकडे काढल्या. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच तारखेला तिथे पोहोचायचे, आदल्या रात्री कार्ल्याला मुक्काम, असा बेत होता. दोघांच्याच सायकलींना गिअर; बाकीच्या पेपर टाकायच्या साध्या सायकली.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीपर्यंत काही वाटले नाही. पुढे बोरघाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच, आणि बहुतेक चढण या घाटातच आहे. साध्या सायकलवर उभे राहून पॅडल रेटले की गुडघे दुखावतात, म्हणून आम्ही सरळ उतरून ढकलत चाललो. त्यात लाज कसली?

शिंगरोबाच्या देवळाअलीकडे काका मागे पडले. वय बावन्न, शुगरची गोळी चालू. पहाटे गोळी घेतली होती. पनवेलला आम्ही उसळपाव खाल्ला तेव्हा त्यांनी नुसता बिनसाखरेचा चहा घेतला. आता अंग घामाने थंडगार, हात थरथरत होते. नाव विचारले तर आमच्यावरच खेकसले. आम्हाला वाटले, चढाने दमले. एकाने पिशवीतून ग्लुकोज काढले, तर दुसऱ्याने त्याचा हात धरला, "शुगरच्या माणसाला साखर देतात का?"

या वादात दोन-तीन मिनिटे गेली. ती आठवली की आजही आम्हाला धडकी भरते.

शुगर वाढते तशी एकदम उतरतेही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना पोट रिकामे आणि अंगमेहनत जास्त झाली, की ती धोक्याइतकी खाली येते. हमाली करणाऱ्याला, उपाशीपोटी धुणीभांडी करणाऱ्या ताईलाही हे होऊ शकते. अशा वेळी साखर हेच औषध. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून पाजायचे, पंधरा मिनिटे थांबायचे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच. मग चपाती-भाकरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट हॉस्पिटल गाठायचे.

ग्लुकोज पोटात गेल्यावर काकांनी थोड्या वेळाने विचारले, "मी कुणाला शिव्या दिल्या काय रे?" तेव्हा आमच्या जिवात जीव आला. पुढचा घाट त्यांनी नाही नाही म्हणत टेम्पोत बसून पार केला. डॉक्टरांना फोन लावला. गोळी मनाने बंद करायची नाही, पण न खाता घ्यायचीही नाही, आणि परतल्यावर तपासणीला यायचे, असे त्यांनी बजावले.

कार्ल्याला काका पायथ्याशी भाकरी खात बसले, आम्ही लेण्यांकडे चढलो. घाटाच्या जुन्या व्यापारी वाटेलगत दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले ते चैत्यगृह. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या शेठजींबरोबर एका सुताराचेही नाव आहे. खाली येऊन हे सांगितले तर काका म्हणाले, "उद्या देहूरोडहून परतताना मला वर न्यायचे." मग स्वतःच खिसा चाचपून ग्लुकोजची पुडी दाखवली.