सॉफ्टबॉलचे गुरुजन

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बिबवेवाडींतील आमच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. धाकट्या बंधूंची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघांत आपली निवड झाल्याचें तिनें जेवतांना सांगितलें. परीक्षा, ऊन, रात्रीं परतण्याची वेळ इत्यादि नेहमींचे आक्षेप यथाक्रम निघाले. आमच्या मातोश्री मात्र ताकाची वाटी खालीं ठेवून एवढेंच म्हणाल्या, “तें सगळें राहूं द्या. हिला शिकवतो कोण, तें सांगा.” प्रश्न मार्मिक होता आणि त्याचें उत्तर घरांत कोणासहि नीट देतां येईना. तें शोधण्याकरितां आम्ही कित्येक संध्याकाळीं मैदानाच्या कडेस जाऊन बसलों; त्याचेंच फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा खेळ १८८७ सालीं शिकागो शहरांत, एका क्लबाच्या दिवाणखान्यांत, निव्वळ थट्टेंतून जन्मास आला. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला. ‘सॉफ्टबॉल’ हें नांव त्यास १९२६ सालीं मिळालें. आपल्याकडे अखिल भारतीय संघटना १९६१ सालीं निघाली. नांवावर कोणीं जाऊं नये. बारा इंच घेराचा तो चेंडू चांगला टणक असतो. स्त्रियांच्या सामन्यांत तो ४३ फुटांवरून टाकतात. निष्णात पिचरचा चेंडू ताशीं साठ-पासष्ट मैलांच्या वेगानें येतो, म्हणजे फटका मारणारीस विचाराला अर्धें सेकंदहि मिळत नाहीं. त्या अर्ध्या सेकंदाची तयारी करून घेणारा तो कोच.

‘कोच’ शब्दाची कुळकथा मोठी गमतीची आहे. हंगेरींतील कोच नांवाच्या गांवीं चांगल्या घोडागाड्या होत. त्यावरून गाडीस तें नांव पडलें. पुढें ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं, परीक्षेच्या पैलतीरास वाहून नेणाऱ्या खासगी शिक्षकास विनोदानें ‘कोच’ म्हणावयास आरंभ केला, आणि तेथून तो शब्द खेळांत शिरला. आमच्या पुतणीच्या संघाची ही गाडी ओढणारे सर एकटेच आहेत. कबड्डी, बुद्धिबळ, टेबलटेनिस, सारें त्यांच्याकडेच. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे अर्ज भरणें, मुलींच्या घरून संमतिपत्रें आणविणें, प्रवासखर्चाचा हिशेब, औषधांची पेटी हींहि कामें त्यांचींच. मैदान आंखणारा शिपाई सुटीवर असला तर फक्कीची पाटी सरांच्याच हातीं येते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

अमेरिकेंतील पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांत पिचिंगला एक, फटकेबाजीला एक, क्षेत्ररक्षणाला एक, अशी वांटणी असते. तरी तेथेंहि कित्येक वर्षें मुख्य शिक्षक व दोन साहाय्यक यांनाच वेतन घेण्याची मुभा होती. चौथा मनुष्य विनावेतन स्वयंसेवक म्हणून राबे. २०२३ सालीं तो भेद निघाला. आमच्या मैदानावरचा दुसरा मनुष्यहि स्वयंसेवकच आहे. त्याच कॉलेजची माजी विद्यार्थिनी, आतां एका कचेरींत नोकरीस. शनिवारीं सायंकाळीं आणि रविवारीं सकाळीं ती स्वतःच्या स्कूटरवरून येते व पिचिंग शिकविते.

तें शिकविणें पाहण्यासारखें आहे. चेंडू खांद्यावरून फेंकावयाचा नाहीं. हात पवनचक्कीसारखा पूर्ण वर्तुळांत फिरवून कमरेपाशीं खालून सोडावयाचा. परंतु शिक्षणाचा क्रम उलटा. प्रथम केवळ मनगट; हात वर नेण्यास सक्त मनाई. मग अर्धें वर्तुळ, मग पुरें, आणि शेवटीं पावलाची झेंप. आमची पुतणी तीन आठवडे मनगटावरच अडकली, तेव्हां घरीं येऊन रुसून बसे. तिच्या आजीस त्याचें कांहींच नवल वाटलें नाहीं. त्यांनीं लहानपणीं गाण्याच्या शिकवणींत षड्ज किती दिवस लावला होता!

सरांना स्वतःस पिचिंग येत नाहीं. हें त्यांनीं आम्हांस आपण होऊन सांगितलें, आणि त्या एका वाक्यानें त्यांच्याविषयींचा आमचा आदर दुणावला. ते मूळचे खोखोचे खेळाडू. ज्या खेळाचे नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, त्याचें धांवणें त्यांनीं या परक्या खेळांत आणिलें आहे. दोन बेसमधील अंतर साठ फूट; पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धांवणारीनें बेस सोडावयाचा नाहीं. तेव्हां सारें बळ पहिल्या तीन पावलांत, आणि पाटीवरून उठणाऱ्या खोखोच्या गड्यास तें शिकवावें लागत नाहीं.

असे शिक्षक तयार होतात कोठें? बिबवेवाडीस लागूनच गुलटेकडीस महाराष्ट्रीय मंडळाचें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय १९७७ पासून आहे. १९२४ सालीं कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं मंडळ काढिलें, तेव्हां व्यायाम हा तालमींतील वस्तादाचा विषय समजला जाई. आज कॉलेजांतील क्रीडासंचालकाचें पद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणींत अध्यापकाच्या बरोबरीचें आहे. पण आपल्या घरांतून मात्र ते अद्याप ‘पीटीचे मास्तर’! गणिताच्या प्राध्यापकांस गुरुपौर्णिमेस पेढे पाठविणाऱ्या आमच्या घरीं या सरांचें आडनांवहि कोणास ठाऊक नव्हतें, हें लिहितांना संकोच होतो.

मध्यंतरीं एक अडचण उभी राहिली. त्या माजी विद्यार्थिनीची बदली बंगळूरास ठरली. पिचिंग शिकविणारें दुसरें कोणी नाहीं. तेव्हां शेवटच्या चार रविवारीं तिनें आमच्या पुतणीकडून चेंडू टाकून घेतलेच नाहींत. पहिल्या वर्षाच्या दोन मुली तिच्यापुढें उभ्या केल्या आणि “आतां तूं यांचें मनगट पाहा,” म्हणून सांगून स्वतः मागें उभी राहिली. पुतणी रात्रीं म्हणाली, “आजी, टाकण्यापेक्षां दाखवणं फार कठीण गं!”

डिसेंबरांतील सामन्यास मातोश्री आग्रहानें आल्या. फलंदाजीच्या वेळीं सर तिसऱ्या बेसपाशीं, आंखलेल्या चौकटींत उभे राहत. टोपीस हात, कोपरास हात, अशा खुणा चालल्या होत्या. त्यांतील खरी कोणती हें संघासच ठाऊक. अखेरच्या डावांत एक फटका लांब गेला. पुतणी दुसऱ्या बेसवरून सुटली. सरांनीं हात गरगर फिरवून तिला पुढें पिटाळलें, आणि तिसरा बेस ओलांडतांच ती पाय घसरून त्यांच्यापासून दोन हातांवर पडली. सरांचे हात पुढें झेंपावले, आणि तसेच मागें जाऊन पाठीशीं घट्ट जुळले. “ऊठ!” एवढेंच ते ओरडले. ती उठली, धांवली, आणि घरच्या बेसपाशीं वीतभर अंतरानें बाद झाली.

“हात कां नाहीं दिला त्यांनीं?” मातोश्रींनीं विचारलें.

शिक्षकानें धांवणारीस हात देऊन उठविलें तर ती तेथल्या तेथेंच बाद, असा नियम असल्याचें आम्हीं सांगितलें. त्या बराच वेळ मैदानाकडे पाहत होत्या. सामना संपल्यावर काठी टेकीत सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “रविवारीं आमच्याकडे जेवायला या. ती बंगळूरची मुलगी सुटीवर आली म्हणजे तिलाहि घेऊन या.”