वाफेचा प्रश्न

मानखुर्दच्या एकाच शाळेत शिकलेल्या आम्हा सोळा मित्रमैत्रिणींचा वर्षातून एकदा बाहेर एकत्र जेवण्याचा नेम आहे. सर्वांनी पन्नाशी ओलांडली, तरी तो मोडलेला नाही. कोणाचे हार्डवेअरचे दुकान आहे, कोणाचे कापडाचे, तर एक जण तुर्भ्याच्या मसाला बाजारात दलाली करतो. सोळांपैकी सात जैन, आणि उरलेल्यांपैकी चार-पाच मांसाहारी. जागा ठरविताना दरवर्षी एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘शेठसाठी काहीतरी वेगळे मागवू.’ शेठ म्हणजे आमचा धान्यदुकानदार मित्र. त्याला कंदमूळ वर्ज्य, आणि सूर्यास्तानंतर पाणीदेखील नाही. इतकी वर्षे आम्ही जेवत असताना त्याच्यापुढे बहुधा काकडी-टोमॅटोची एक बशी आणि घरून आणलेले चार बदाम असत. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. हे आता लिहिताना संकोच वाटतो.

यंदा मसालेवाल्या मित्राने मोरोक्कन जेवणाचा बूट काढला. दक्षिण मुंबईतील एका उपाहारगृहात ते मिळते, असे त्याला बाजारातच कळले होते. पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे उमटली. ‘अरे, मोरोक्को म्हणजे सगळा मांसाहार. शेठ तिथे काय खाणार?’ हा आक्षेप खोटाही नव्हता. ताजीन या नावाच्या, शंकूसारख्या उंच झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर जे शिजते, त्यात बहुतेक वेळा मांस असते. परंतु या खेपेस आमच्यातल्या एका मैत्रिणीने हट्ट धरला : सोळा जण एकच जेवण जेवणार असतील तरच जायचे, वेगळी बशी नाही. मांसाहारी मित्रांनी ते लगेच मान्य केले. एक जण तर म्हणाला, ‘एक दिवस आम्ही शेठसारखे जेवू. त्याने आमच्याबरोबर तीस वर्षे काढली.’

ही मैत्रीण मूळची नंदुरबारची आणि इतिहासाची शिक्षिका. मोरोक्कोचे नाव निघताच तिला इब्न बतूता आठवला. तो 1304 मध्ये तंजा येथे जन्मला आणि 1325 मध्ये घरातून निघाला. 1342 मध्ये महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यासाठी दिल्ली सोडल्यावर तो दौलताबादवरून नंदुरबारला आला. तेथील मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे, की हे लोक भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, प्राण्यांना इजा करणे त्यांना रुचत नाही आणि जेवणापूर्वी ते स्नान करतात. दौलताबादेत त्याला जडजवाहिरांचे अतिश्रीमंत व्यापारी भेटले. त्यांना ‘साह’ म्हणतात, अशी नोंद त्याने केली आहे. आपल्या ‘शाह’ आणि ‘साव’ यांचा हा जुना उल्लेख ऐकून शेठची कळी खुलली. ‘म्हणजे त्यांचा माणूस सातशे वर्षांपूर्वी आपले ताट पाहून गेला आहे,’ तो म्हणाला. ‘आता आपण त्यांचे पाहून येऊ.’

मग दूरध्वनी केला. ‘व्हेज आहे का?’ या प्रश्नाला जे उत्तर सगळीकडे मिळते, तेच तत्परतेने मिळाले : ‘सगळे मिळेल, मॅडम.’ आपण व्यापारी माणसे. इतक्या चटकन मिळालेला होकार आपल्याला सावध करतो. मैत्रिणीने मुख्य आचाऱ्याशीच बोलण्याचा आग्रह धरला. तो माणूस सरळ निघाला. तो म्हणाला, ‘भाज्यांचा कुसकुस आमच्या यादीत आहे आणि त्यात मांसाचा तुकडा नाही. पण कुसकुस वाफेवर शिजतो. खालच्या भांड्यात रस्सा उकळतो, वरच्या चाळणीत रव्याचे दाणे असतात. आमच्याकडे खालचा रस्सा मटणाचा असतो.’

भाजी शाकाहारी, पण वाफ? आजवर किती ठिकाणी आपण हा प्रश्न न विचारताच जेवलो असू, हे त्या क्षणी प्रत्येकाच्या मनात आले. आपल्या पदार्थातील उणीव स्वतःहून सांगणारा दुकानदार विरळा असतो आणि त्याच्याशीच व्यवहार करावा, असे शेठचे वडील म्हणत. आम्ही तेथेच जायचे ठरविले.

आचाऱ्याने दोन दिवस मागून घेतले. नवे भांडे, खाली साधे पाणी, स्वतंत्र शेगडी. आम्ही यादी पाठविली आणि ती वाढतच गेली. कांदा, लसूण, गाजर, सलगम नाही. वांगे नाही, म्हणजे झालूक हे वांगी-टोमॅटोचे भरीत गेले. मध नाही, म्हणून तिकडची निम्मी मिठाई बाद झाली. महिनाभर मिठात मुरविलेली लिंबे म्हणजे सरळसरळ अथाणे. तीही नकोत. सुके अंजीरही काहींना वर्ज्य. इतके वजा केल्यावर काय उरणार, अशी आम्हाला धास्ती वाटू लागली. पण उरले ते थोडे नव्हते : लाल भोपळा, दुधी, टोमॅटो, छोले, बदाम, जर्दाळू, मनुका, केशर, दालचिनी, जिरे. आणि एक सुखद आश्चर्य म्हणजे त्या स्वयंपाकात आले ओले न वापरता बहुधा सुंठपूडच वापरतात. हळदही वाळलेलीच. हे दोन्ही आपल्याला चालते. त्यांच्या मसाल्याचे नाव ‘रास-अल-हानूत’. त्याचा अर्थ ‘दुकानाचे मस्तक’, म्हणजे दुकानदाराकडचा सर्वोत्तम माल. प्रत्येक दुकानाचे मिश्रण निराळे आणि त्यावरच दुकानाची पत ठरते. मसालेवाला मित्र या नावावर इतका खूष झाला, की त्याने ते आपल्या बिलबुकावर लिहून घेतले.

जेवण दुपारचे ठेवले होते. रविवार असल्याने हार्बर मार्गाच्या मेगाब्लॉकपूर्वीची गाडी पकडून सोळा जण सीएसएमटीला उतरलो. एका लांब टेबलावर आधी हरीरा आला, छोले-मसूर-टोमॅटोचे दाट सार, वर कोथिंबीर. मग घडी घालून लाटलेल्या चौकोनी मसेमन पोळ्या. त्या पाहून दोघींना आईची घडीची पोळी आठवली. शेवटी मोठ्या गोल परातीत कुसकुसची रास, तिच्या माथ्यावर भोपळा आणि दुधी. मोरोक्कोत शुक्रवारी घरोघरी हेच असते, आणि सगळे एकाच परातीभोवती बसून आपापल्या समोरचा भाग खातात. 2020 मध्ये मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने कुसकुसच्या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. एकत्र जेवणे हा त्या परंपरेचा गाभाच आहे. आम्ही एकाच परातीत हात घातले नाहीत, उष्ट्याचा विचार होता. पण परात एकच होती आणि मोठा डाव एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

तिकडच्या रीतीने कुसकुसबरोबर ताकाचे पेलेही आले. शेठने पेला हळूच बाजूला सरकवला. छोल्यांबरोबर कच्चे ताक म्हणजे द्विदल. ही एक गोष्ट यादीतून सुटली होती. वाढप्याने कारण विचारले, शेठने ते समजावून सांगितले, आणि सोळाच्या सोळा पेले परत गेले. त्यांपैकी काहींना द्विदल म्हणजे काय हे त्याच दिवशी कळले.

चवीविषयी प्रामाणिकपणे सांगायचे, तर आपल्या जिभेला हे जेवण सौम्य वाटते. तिखट नाहीच. दालचिनी आणि जर्दाळू तिखटमिठाच्या भाजीत पहिल्या घासाला खटकतात, तिसऱ्या घासाला आवडू लागतात. हार्डवेअरवाल्या मित्राने मात्र मिरची मागितलीच. गोड म्हणून संत्र्याच्या चकत्यांवर दालचिनी भुरभुरून आली. ते सर्वात आवडले आणि घरी करायला सर्वात सोपे. पुदिन्याचा चहा उंचावरून पेल्यांत ओतला गेला. हिरवी चहापत्ती चीनची, पुदिना तिकडचा. हा चहा एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारामुळे मोरोक्कोत घरोघरी पोहोचला. माणशी खर्च आमच्या नेहमीच्या थाळीच्या तिप्पट झाला, हेही सांगितले पाहिजे.

जेवण संपल्यावर शेठने सवयीप्रमाणे ताटात थोडे पाणी घेऊन ते धुऊन प्यायले. इतक्या वर्षांत बाहेर त्याला हे करताना आम्ही पाहिले नव्हते. त्याच्यापुढे धुण्याजोगे ताटच कधी नसे. आचारी दाराशी उभा राहून पाहत होता. त्याने काही विचारले नाही, फक्त हात जोडले.

पुढच्या रविवारी शेठच्या घरी सगळे जमले. बन्सी गव्हाचा रवा त्याच्याच दुकानातला, चाळणी मोदकपात्राची. रव्याला पाण्याचा हबका मारून, वर बारीक पीठ भुरभुरून तळहाताने दाणे वळायचे, वाफवायचे, परातीत मोकळे करायचे, पुन्हा वाफवायचे. पहिल्या वाफेला नुसते गोळे झाले. वहिनी म्हणाल्या, सरळ उपमा करा. दुसऱ्या वाफेनंतर थोडा धीर आला. तिसऱ्या वाफेनंतर दाणा सुटला, तेव्हा पाच वाजून गेले होते. सूर्यास्ताला तासाभराचा अवकाश होता. वहिनींनी घाईने पाने मांडली.