मर रोगाच्या बुरशीलाच रोग लागला तर?

रिसोड तालुक्यात सोयाबीन निघाले की रब्बीला बऱ्याच वावरांत हरभरा पेरला जातो. पीक चांगले फुलोऱ्यात असताना मधूनच एखादे झाड मान टाकते, पिवळे पडते आणि थोड्याच दिवसांत वाळते. शेतकरी म्हणतात, 'मर लागली'. असे एक झाड मुळासकट उपटून वर्गात आणावे आणि मुळाजवळच्या खोडाला ब्लेडने उभा छेद द्यावा. आत मध्यभागी तपकिरी-काळसर रेघ दिसेल. ही पाणी वर नेणाऱ्या नलिकांची जागा. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळातून शिरून तेथे वाढते, नलिका तुंबतात आणि जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते.

या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत पडून राहतात. पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील अभ्यासात, हरभरा न घेताही ती सहा वर्षे टिकलेली आढळली. म्हणजे दोन वर्षे फेरपालट करून ती जाणार नाही, आणि सगळ्या वावराची माती औषधाने भिजवणे कोणालाच परवडणार नाही. म्हणून रोगप्रतिकारक वाण आणि ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया हे उपाय सांगितले जातात. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की रिसोड तालुक्यातलेच करडा येथील कृषी विज्ञान केंद्र, अशा शिफारशी शेतकऱ्यापर्यंत पोचवणे हे त्यांचे कामच. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी, पण दुसऱ्या बुरशीवर जगणारी. काट्याने काटा काढायचा तो असा. यापेक्षाही बारीक काटा आहे काय? आहे: बुरशीला होणारा विषाणू.

बुरशीलाही विषाणू होतात हे तसे उशिरा कळले. अमेरिकेत १९४८ साली लागवडीच्या अळिंब्यांवर एक रोग दिसला. अळिंबी वेडीवाकडी, लांबुडकी येई आणि उत्पन्न बुडे. १९६२ साली इंग्लंडमध्ये हॉलिंग्ज यांनी अशा रोगट अळिंबीत विषाणूंचे कण दाखवून दिले. त्यानंतर शोधावे तिथे ते सापडू लागले. पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीत आणि यीस्टमध्येही. गंमत अशी की यांतले बहुतेक आपल्या यजमानाला काहीच त्रास देत नाहीत. थोडे मात्र त्याला अशक्त करतात, आणि आपल्या कामाचे तेच.

याचे उत्तम उदाहरण चेस्टनटच्या झाडाचे आहे. हा ओकच्या कुळातला मोठा वृक्ष. इंग्रजीत शिंगाड्याला वॉटर चेस्टनट म्हणतात, त्याच्याशी याचे नाते नाही. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील चेस्टनटांच्या सालीवर एका परदेशी बुरशीचे चट्टे दिसले. चट्टा खोडाभोवती पसरला की वरचे झाड वाळते. पुढच्या पन्नासेक वर्षांत पूर्व अमेरिकेतली तीनशे ते चारशे कोटी झाडे गेली, असा अंदाज आहे. १९३८ साली तीच बुरशी इटलीत सापडली, तेव्हा युरोपनेही आशा सोडल्यासारखीच होती.

पण १९५०च्या सुमारास बिरागी या इटालियन शास्त्रज्ञाला काही झाडांवरचे चट्टे आपोआप भरून येताना दिसले. झाडे सुधारली असतील, असेच कोणालाही वाटेल. फ्रान्सच्या ज्याँ ग्रांत यांनी मात्र त्या चट्ट्यांतली बुरशी वाढवून पाहिली. नेहमीची बुरशी नारिंगी असते. ही पांढरट निघाली आणि झाडाला फारशी इजा करीना. बदल झाडात झालाच नव्हता, तो बुरशीत झाला होता! पांढरी बुरशी ताज्या चट्ट्याच्या कडेला टोचली की तिथली नारिंगी बुरशीही अशक्त होई. अशक्तपणा संसर्गजन्य होता. पुढे अमेरिकेत त्या बुरशीत दुपदरी आरएनए सापडले, आणि १९९२ साली चोई व नस यांनी विषाणूच्या आरएनएची डीएनए-प्रत निरोगी बुरशीत घालून तिला अशक्त करून दाखवले. कारण विषाणूच आहे, याबद्दल मग शंका उरली नाही.

युरोपात हा उपाय चालला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फसला. कारण विषाणूच्या वागण्यात आहे. या विषाणूला प्रथिनाचे कवचसुद्धा नाही. तो हवेतून उडत नाही, पाण्यातून जात नाही. दोन बुरशींचे तंतू एकमेकांना भेटून जुळले, त्यांचा पेशीरस एक झाला, तरच तो इकडून तिकडे जातो. आणि तंतू वाटेल त्याच्याशी जुळत नाहीत. सहा जनुकस्थाने जमली तर जुळणी होते, नाहीतर भेटीच्या जागच्या पेशी मरतात आणि विषाणूची वाट बंद होते. सोयरिकीपूर्वी गोत्र पाहतात तसेच, फक्त उलटे. इथे सगोत्रच चालतो! युरोपात एकेका भागात असे गट थोडे, अमेरिकेत पुष्कळ. २०१६ साली झांग आणि नस यांनी यांतली काही जनुके निकामी करून, परक्या गटालाही विषाणू देऊ शकेल अशी बुरशी तयार केली.

सगळेच विषाणू असे घरकोंबडे नसतात. चीनमध्ये २०१० साली स्क्लेरोटिनिया बुरशीत सापडलेला एक डीएनए विषाणू बाहेरून फवारला तरी बुरशीला लागतो, असे २०१३ साली दिसले.

आता आपल्या हरभऱ्याकडे. मर रोगाच्या या बुरशीचे नमुने स्पेनमध्ये तपासले तेव्हा ते एकाच जुळणी-गटातले निघाले. शिवाय या बुरशीची लैंगिक अवस्था आढळलेली नाही. चेस्टनटच्या बुरशीत लैंगिक बीजाणूंमध्ये विषाणू उतरत नाही आणि पुढची पिढी त्यातून सुटते. ती पळवाट इथे दिसत नाही. कार्नेशनच्या फुलझाडांना मर आणणारी फ्युजेरियम ही हिची सख्खी बहीण. तिला अशक्त करणारा एक विषाणूही स्पेनमध्येच सापडला आहे.

अडचण आहे ती मातीची. चेस्टनटचा चट्टा डोळ्यांना दिसतो, त्याच्या कडेला टोचता येते. मातीत झोपलेला बीजाणू वाढत नाही, कोणाशी जुळत नाही, त्याला विषाणू लागणार कसा? तो जागा होतो हरभऱ्याचे मूळ जवळ आल्यावर. तेव्हा विषाणू घेतलेली अशक्त बुरशी त्याच वेळी, त्याच जागी हजर हवी, म्हणजे बियाण्यावरच चोळलेली हवी. आज कृषी सेवा केंद्रात अशी पुडी मिळत नाही. पण किलोभर बियाण्याला चार ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून सावलीत सुकवायचे, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. पुडी निघालीच, तर चोळायची रीत बहुधा हीच असेल.