संवाद-फलकाचे व्याकरण

बोलता न येणे आणि भाषा नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भाषाविचाराच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. कानांनी ऐकू येणारी वैखरी म्हणजे वाणीचे सर्वस्व, असे भारतीय परंपरेने मानलेले नाही. भर्तृहरीच्या विवेचनात वैखरीच्या मागे मध्यमा आणि पश्यन्ती उभ्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रातही वाचिक हा अभिनयाच्या चार प्रकारांपैकी एकच आहे. व्यवहारात मात्र जे मूल बोलत नाही त्याला काही सांगावयाचेच नाही, असे घरातही व शाळेतही सहज गृहीत धरले जाते.

सेरेब्रल पाल्सीमुळे ओठ, जीभ आणि श्वास यांच्या हालचालींवर ताबा न राहिलेली मुले, तसेच स्वमग्न मुलांपैकी ज्यांची बोली उमलत नाही अशी मुले, यांच्यासाठी गेल्या सुमारे अर्धशतकात अनेक साधने घडत गेली. हातांच्या खुणा, चित्रांचे फलक, अक्षरांचे फलक, चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारी यंत्रे, नजरेच्या रोखावरून निवड ओळखणारी यंत्रे, या सर्वांना मिळून 'पूरक आणि पर्यायी संवाद' अशी संज्ञा आहे. त्यांचा विचार बहुधा वैद्यक आणि शिक्षणशास्त्र यांच्या कक्षेत होतो. वस्तुतः असा प्रत्येक फलक ही भाषेची एक लहानशी आवृत्तीच असते. तिचा शब्दसंग्रह कोणीतरी निवडलेला असतो आणि तिचे व्याकरण कोणीतरी ठरविलेले असते. तो शब्दसंग्रह कोणी निवडला आणि ते व्याकरण कोणत्या भाषेच्या नमुन्यावर बेतले, हा प्रश्न भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी विचारावयास हवा.

१

या साधनांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण भाषानिर्मितीच्या एका विलक्षण प्रयोगातून आलेले आहे. चार्ल्स ब्लिस (१८९७-१९८५) हा तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील चेर्नोविट्झ या बहुभाषिक नगरात जन्मलेला रसायन-अभियंता होता. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या समाजांतील वैर त्याने लहानपणीच पाहिले होते. १९३८ साली तो डाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांत डांबला गेला. सुटकेनंतर इंग्लंडमार्गे शांघायला पोहोचला. तेथे चिनी चित्राक्षरे पाहून, उच्चाराशी संबंध नसलेली आणि म्हणून कोणत्याही भाषेत वाचता येईल अशी लिपी रचण्याची कल्पना त्याच्या मनात रुजली. १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्याने ही चिन्हपद्धती ग्रंथरूपाने मांडली. तिच्यात मोजकी मूळ चिन्हे एकत्र येऊन नवे अर्थ देतात. हृदयाचे चिन्ह म्हणजे भावना. त्यासोबत वर जाणारा बाण आला की आनंद, आणि खाली जाणारा बाण आला की दुःख. चिन्हाच्या माथ्यावरची एक लहानशी खूण त्याला क्रियापद बनविते.

जगातील विद्वानांनी या लिपीकडे फारसे लक्ष दिले नाही. तिचा खरा उपयोग झाला तो १९७१ साली, टोरांटो येथील अपंग मुलांच्या एका केंद्रात. शर्ली मॅकनॉटन आणि त्यांचे सहकारी न बोलणाऱ्या मुलांसाठी साध्या चित्रांपलीकडचे काही शोधत असता त्यांना ब्लिसचा ग्रंथ सापडला. साध्या चित्राने 'कप' दाखविता येतो. 'काल', 'कदाचित', 'न्याय' दाखविता येत नाहीत. ब्लिसच्या चिन्हांनी ते शक्य झाले, आणि ज्यांना केवळ हो-नाही विचारले जात असे ती मुले स्वतः चिन्हे जोडून नवे अर्थ घडवू लागली.

यानंतर जे घडले ते भाषाभ्यासकांना अधिक उद्बोधक वाटेल. मुलांच्या गरजेनुसार शिक्षक चिन्हांत बदल करू लागले, ते ब्लिसला मान्य होईना. त्याला विश्वभाषा हवी होती. शिक्षकांना या वर्गातील या मुलांची भाषा हवी होती. दीर्घकाळच्या वादानंतर १९८२ साली करार झाला आणि चिन्हांच्या वापराचे हक्क कॅनडातील संस्थेकडे गेले. भाषा कोणी घडविली यापेक्षा ती कोण वापरतो हे अखेर निर्णायक ठरते, हे तत्त्व कृत्रिम भाषेलाही चुकले नाही.

२

फलकावर कोणते शब्द असावेत? मोठ्यांनी मुलासाठी केलेला पहिला फलक बहुधा गरजांचा असतो: पाणी, भूक, शी, झोप. त्यामुळे काळजी घेणाऱ्याची सोय होते, हे खरे. परंतु अशा फलकाचे मूल फक्त मागू शकते. ते नाकारू शकत नाही, तक्रार करू शकत नाही, थट्टा करू शकत नाही, घडलेले सांगू शकत नाही. 'दुखते', 'थांब', 'भीती वाटते', 'मारले' हे शब्द ज्याच्या फलकावर नाहीत, त्या मुलावर अन्याय झाला तर त्याची वाच्यता होण्याचा मार्गच बंद असतो. शब्दसंग्रहाची निवड हा येथे मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

दुसरी एक समजूत अशी, की चित्रांची सवय लागली तर मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली तोवरच्या संशोधनाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे या साधनांमुळे कमी झालेले आढळले नाही. ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात, बेताची का होईना, भरच पडली होती.

तिसरी गोष्ट भाषाग्रहणाची. बोलणारे मूल पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी वर्षभर भाषा ऐकत असते. फलकावरील मुलाला मात्र फलक देताच उत्तर मागितले जाते. त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोललेलेच नसते. म्हणून मोठ्यांनी स्वतः बोलताना फलकावरील चित्रांवर बोट ठेवीत जावे, असा आग्रह या क्षेत्रातील जाणकार धरतात. आई 'आजी आली' म्हणताना 'आजी' आणि 'येणे' या चित्रांना स्पर्श करते, तेव्हा ती फलकाला मातृभाषेचा दर्जा देत असते.

३

आणि मातृभाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. प्रचलित फलकांपैकी पुष्कळांचा आराखडा इंग्रजीवर बेतलेला आहे: डावीकडे सर्वनामे, मग क्रियापदे, मग विशेषणे व नामे. मुलाने डावीकडून उजवीकडे बोट नेले की इंग्रजी वाक्य होते. हाच फलक शब्दांचे भाषांतर करून मराठी मुलापुढे ठेवला, तर 'मी', 'हवे', 'चहा' या क्रमाने निघालेले वाक्य मराठी राहत नाही. मराठीत इच्छा करणारा चतुर्थीत जातो आणि 'हवे' हे पद इच्छिलेल्या वस्तूचे लिंग घेते: मला चहा हवा, मला पोळी हवी, मला दूध हवे. चित्र तेच, शब्दरूपे तीन.

लिंगाचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा आहे. 'जाणे' या चित्राला यंत्राने 'मी जातो' असा एकच उच्चार दिला असेल, तर मुलीला दर वेळी मुलाच्या तोंडाने बोलावे लागते. हिंदीतही 'जाता हूँ' आणि 'जाती हूँ' यांमुळे हीच अडचण येते. बंगालीत वा तमिळमध्ये ती येत नाही, कारण तेथील प्रथमपुरुषी क्रियापद वक्त्याचे लिंग सांगत नाही. एका भारतीय भाषेसाठी केलेला फलक दुसरीला जसाच्या तसा चालत नाही, याचे हे साधे उदाहरण होय.

सर्वनामांतही तेच. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हा भेद मराठी मूल फार लवकर आत्मसात करते. गुजरातीत 'आपणे' व 'अमे', तमिळमध्ये 'नाम्' व 'नांगळ्' असा हाच भेद आहे. इंग्रजीवरून घेतलेल्या फलकावर त्यासाठी एकच चौकट असते. ज्या मुलाला कोणीतरी फिरायला न्यावे लागते, त्याच्या दृष्टीने 'आपण' हा शब्द म्हणजे सोबतीचे आमंत्रण आहे. तो नसेल तर ते आमंत्रण त्याला देता येत नाही.

मात्र सर्वांत बोलके उदाहरण 'नको'चे. मराठीत 'नाही' वस्तुस्थिती नाकारते, 'नव्हे' ओळख नाकारते आणि 'नको' इच्छा नाकारते. शिवाय तेच 'नको' धातूला लागून निषेध करते: मारू नको, जाऊ नको. हिंदीला येथे 'नहीं चाहिए' आणि 'मत' अशी दोन साधने लागतात. नकाराचा असा स्वतंत्र शब्द तमिळमध्ये 'वेण्डाम्', कन्नडमध्ये 'बेड', तेलुगूत 'वद्दु' या रूपांत आहे. या बाबतीत मराठी दक्षिणेच्या शेजाऱ्यांच्या जवळ येते. इंग्रजी फलकावरील नकाराचे 'नाही' असे भाषांतर करून थांबणाऱ्याने मराठी मुलाच्या हातून त्याच्या भाषेतील सर्वांत समर्थ शब्द काढून घेतला, असेच म्हटले पाहिजे. घास पुढे आला असता, अंगाला कोणी हात लावला असता, खोलीतले दिवे विझविले असता, जो एक शब्द मुलाला माणूस म्हणून उभे करतो, तो 'नको' आहे.

भारतात या दिशेने काही काम झाले आहे. मुंबई येथील आयआयटीत विकसित झालेल्या 'जेलो' या साधनात आवड-नावड, हो-नाही, अधिक-कमी अशा भाववाचक खुणा विषयाच्या चित्राशी जोडल्या की पूर्ण वाक्य उच्चारले जाते, आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी आधी 'आवाज' हे बोलके साधन तयार केले. पुढे २०१३ साली त्यांनी शब्दांचा क्रम बाजूस ठेवून 'कोण', 'काय', 'कोठे' अशा संबंधांनी चित्रे जोडणारी आणि मग वाक्य घडविणारी पद्धत मांडली. पाणिनीय कारकविचाराशी परिचित असलेल्यांना हिचे नाते सहज ओळखता येईल. ज्या भाषांत विभक्ती अर्थाचा भार वाहते, त्यांच्यासाठी क्रमापेक्षा कारक हाच फलकाचा पाया असणे अधिक स्वाभाविक ठरेल.

४

चित्रे कितीही वाढविली तरी ती दुसऱ्याने निवडलेली असतात. मनातला कोणताही शब्द सांगण्याचे स्वातंत्र्य केवळ अक्षरे देतात. या ठिकाणी भारतीय वर्णमालेजवळ एक दुर्लक्षित सामर्थ्य आहे. ज्या मुलाला बोटही दाखविता येत नाही, त्याच्यासाठी जवळचा माणूस एकेक अक्षर म्हणत जातो आणि हवे ते अक्षर आले की मूल पापणी मिटते. 'क'पासून 'म'पर्यंतच्या २५ व्यंजनांत अशा रीतीने एका अक्षरापाशी पोहोचण्यास सरासरीने १३ उच्चार लागतात. आधी वर्ग विचारला आणि मग त्या वर्गातील अक्षर विचारले, तर सरासरी ६ वर येते. अगदी शेवटच्या 'म'लाही २५ ऐवजी १० पुरतात. ओळी पाडण्याची ही युक्ती कोणत्याही लिपीला करता येईल. पण आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानांनुसार मांडलेली आणि मुळाक्षरे शिकलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असल्याने तीसाठी कागदाचीही गरज उरत नाही.

ही कल्पना आपल्याकडे नवीनही नाही. करपल्लवी या जुन्या सांकेतिक विद्येत हाताच्या मुद्रेने वर्ग, बोटांच्या संख्येने त्या वर्गातील अक्षर आणि चुटक्यांनी मात्रा सुचविली जात असे. डोळ्यांनी बोलण्यासाठी मराठीत नेत्रपल्लवी हा शब्द आहेच. गुप्त बोलण्यासाठी वापरलेली ही युक्ती ज्यांचे बोलणे नाइलाजाने गुप्त राहिले आहे, त्यांच्यासाठी उलटी वापरता येईल. जोडाक्षरे मात्र वेळ घेतात. 'स्त्री' या एका अक्षराला स, त, र आणि दीर्घ ई असे चार निर्णय लागतात. याहून मोठा अडथळा शिक्षणपद्धतीचा आहे. आपल्या शाळांत अक्षरओळख ही मोठ्याने म्हणण्याशी इतकी जखडलेली आहे, की जे मूल म्हणून दाखवू शकत नाही त्याला अक्षर कळलेच नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

५

येथे कर्तृत्वाचा प्रश्न येतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही. मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे दाबवून घेण्याची एक पद्धत १९८०-९० च्या दशकांत प्रसिद्धीस आली. मूल आणि हात धरणारा यांना वेगवेगळी चित्रे दाखवून चाचण्या घेतल्या, तेव्हा उत्तरे हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्रांची निघाली. अमेरिकेतील वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली ही पद्धत वापरू नये, असे स्पष्ट सांगितले. हात धरणारे बहुधा प्रामाणिक होते. तरीही मुलाच्या नावाने दुसराच बोलत होता. म्हणून मुलाने स्वतःच्या बोटाने, पायाने, पापणीने वा नजरेने, दुसऱ्याच्या स्पर्शाशिवाय निवड करणे हीच खरी कसोटी होय.

ही कसोटी उतरलेले लेखन भारतातही आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांचे 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन २०१० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातील ते लहानसे बोट म्हणजे लेखिकेचे टंकलेखनाचे बोट होय. दलित आणि स्त्री-आत्मकथनांनी 'कोण बोलते' हा प्रश्न भारतीय समीक्षेपुढे ठेवला. या लेखनाने त्याच्या शेजारी 'कशाने बोलते' हा प्रश्न ठेवला आहे.

कायद्यापुरते पाहिले तर मार्ग मोकळा आहे. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात संवादाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. उरते ते भाषेचे काम. प्रत्येक भारतीय भाषेतील लहान मुले प्रत्यक्ष कोणते शब्द सर्वाधिक वापरतात याच्या याद्या, त्या भाषेच्या विभक्ती व लिंगव्यवस्थेला अनुरूप अशी फलकाची मांडणी, आणि आत्या, मावशी, काकू यांना 'आंटी'च्या एकाच चौकटीत न कोंबणारा नातेशब्दांचा संच, ही कामे यंत्रज्ञाची नव्हेत, भाषाभ्यासकाची आहेत. त्यांना महागडे उपकरण लागत नाही. पुठ्ठ्यावर चिकटविलेला कागदही पुरतो.

जाणकार प्रत्येक फलकावर एक चौकट आवर्जून ठेवतात: 'मला म्हणायचे आहे ते इथे नाही.' कोणताही कोश, कोणतेही व्याकरण अपुरेच असते याची ती कबुली आहे. मूल जेव्हा त्या चौकटीवर बोट ठेवते, तेव्हा फलक करणाऱ्याचे काम पुन्हा सुरू होते.