मिरचीचा राखणदार कोळी

आम्ही अंधेरी-बोरिवलीकडच्या बाया. आमच्याकडे कोळी म्हटलं की वेसाव्याचा कोळीवाडा आठवतो. तुमच्याकडे वांग्या-मिरचीवरचा लाल कोळी, म्हणजे कीडच. आजचा कोळी मात्र पिकाला हात लावत नाही, पिकावरचे फुलकिडे खातो.

फुलकिडे म्हणजेच थ्रिप्स. लांबी मिलिमीटर-दीड मिलिमीटर. पान खरवडून रस पितात. मिरचीची पानं वर वळून होडीसारखी झाली तर बहुतेक हेच. खाली मुडपली तर तो पांढरा कोळी. आपण दोन्हींना बोकड्याच म्हणतो आणि तिथेच औषध चुकतं.

आमचंही चुकलं. गटाने गच्चीवर हिरव्या जाळीखाली ढोबळी मिरची लावली होती. पानं वळली, दुकानदाराने दिलं ते औषध फवारलं. आठ-दहा दिवसांत फुलकिडे पुन्हा हजर. पुन्हा फवारलं. चौथ्या फवारणीनंतर एकीने विचारलं, "ही मिरची आपण घरी नेणार का?" कोणीच बोललं नाही.

फवारणी का पुरी पडत नव्हती ते नंतर कळलं. फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या आत खुपसते. पिल्लं मोठी झाली की बरीचशी खाली मातीत उतरून कोषात जातात. मोठे किडे फुलात दडतात. औषध राहतं पानावर.

आता आपला राखणदार. याचं नाव अँब्लिसियस स्विर्स्की. अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, फिकट रंगाचा, भिंगाशिवाय धड दिसत नाही. तो फुलकिड्याची नुकती जन्मलेली पिल्लं खातो; मोठा किडा त्याला आवरत नाही. म्हणून कीड माजल्यावर सोडून उपयोग थोडा. तो आधीच झाडावर वसलेला हवा. मग कीड नसताना खाणार काय? पराग! ढोबळी मिरचीच्या फुलात पराग भरपूर, त्यामुळे पहिली फुलं आली की त्याला सोडता येतं. टोमॅटोवर मात्र चिकट केसांमुळे त्याला नीट चालताच येत नाही.

स्पेनमध्ये अल्मेरिया नावाचा भाग आहे. तिथे प्लास्टिकखाली नजर पोचेल तिथवर भाजीपाला. 2006 सालच्या अखेरीस तिथल्या मिरचीत बेकायदा कीटकनाशकाचे अंश जर्मनीत सापडले आणि बाजार हातचा जायची वेळ आली. हा कोळी 2005 मध्येच विक्रीला आला होता. पुढच्या दोन-एक हंगामांत तिथले बहुतेक मिरचीवाले मित्रकिड्यांकडे वळले. आमच्यासारखेच, अडल्यावर.

हे कोळी कोंड्यात मिसळून बाटलीत येतात, नाहीतर छोट्या कागदी पुडीत. पुडी पानांच्या सावलीत टांगायची. तिच्यातून काही आठवडे कोळी बाहेर पडत राहतात. हवा फार कोरडी असेल तर त्यांची अंडी सुकतात. आमच्या मुंबईच्या दमट हवेचा हा एक तरी फायदा! सर्वांत मोठा धोका आपल्या पंपाचा. पायरेथ्रॉइड गटाचं औषध मारलेलं असेल तर कित्येक आठवडे कोळी तिथे टिकत नाहीत.

एक ध्यानात घ्या. परदेशातून असे जीव मनाने मागवता येत नाहीत, सरकारी परवाना लागतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत आपल्याकडच्या मित्रकिड्यांवर काम चालतं. ब्लॅप्टोस्टेथस नावाचा बारीक ढेकूण तिथे वाढवतात, तोही फुलकिडे आणि पीक खाणारे कोळी फस्त करतो. आपल्या पिकाला काय चालेल आणि कुठे मिळेल, ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पालघरकडच्या बायांना डहाणूजवळचं कोसबाड आहे.

तोवर निळे चिकट सापळे लावा. आठवड्यातून एकदा पांढऱ्या कागदावर फूल झटकून किडे मोजा. आणि जाताना वही न्या, कुठलं औषध कधी मारलं ते लिहिलेली. आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारला, आणि आमच्याकडे वही नव्हती.