अणुबॉम्ब : डॉक्टरांकडे इलाज नसलेली जखम

सीमेवर तणाव वाढला की टीव्हीवरच्या चर्चेत, कट्ट्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी सहज बोलून जाते, ‘एकदाचा बॉम्ब टाका आणि विषय संपवा.’ विषय खरोखर संपतो का, हा प्रश्न लष्करी तज्ज्ञांइतकाच डॉक्टरांनाही विचारायला हवा. अणुबॉम्ब माणसाच्या शरीराचे काय करतो, याची पहिली नोंद जपानमधल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून केली आहे. त्यातले कित्येक डॉक्टर स्वतःही जखमी होते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्याच्या जवळजवळ थेट खाली एक रुग्णालयच होते. शहरातले नव्वद टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका मृत्युमुखी पडल्या किंवा जखमी झाल्या. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि ९ ऑगस्टला बॉम्ब पडलेल्या नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे गेली.

न भाजलेलेही दगावू लागले

हिरोशिमातील एका रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मिचिहिको हाचिया स्वतः गंभीर जखमी झाले होते. त्यांनी त्या दिवसांची रोजनिशी लिहून ठेवली. पहिले काही दिवस समोर होते ते भाजलेले आणि हाडे मोडलेले रुग्ण. मग अनेकांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांना आमांशाची साथ वाटली आणि अशा रुग्णांना वेगळे ठेवण्याची धडपड झाली.

दोन-तीन आठवड्यांनी कोडे आणखी वाढले. अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसांचे केस मूठमूठ गळू लागले. त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि ही माणसे दगावू लागली. सूक्ष्मदर्शक मिळाल्यावर रक्त तपासले गेले. एरवी रक्तात दर घनमिलिमीटरमागे चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. काही रुग्णांत त्या हजाराच्याही खाली गेल्या होत्या.

आज हे कोडे सुटलेले आहे. अशा बॉम्बची साधारण निम्मी ऊर्जा स्फोटाच्या दाबलाटेत जाते, एक तृतीयांश उष्णतेत आणि उरलेली किरणोत्सर्गात. हे किरण पेशींमधल्या डीएनएचे तुकडे करतात. सर्वात आधी मार बसतो तो सतत विभाजन होणाऱ्या पेशींना, म्हणजे अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे यांना. आतड्याचे अस्तर झडले की रक्ताचे जुलाब होतात. मज्जा बंद पडली तरी रक्तातल्या जुन्या पेशी काही दिवस काम करत राहतात. ती शिल्लक संपली की जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी उरत नाहीत आणि रक्त गोठवायला प्लेटलेट उरत नाहीत. म्हणून मृत्यू दोन-तीन आठवडे उशिरा येतो.

किरणोत्सर्गाची शरीरात शोषली गेलेली मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. संपूर्ण शरीराला एकाच वेळी सुमारे चार ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनच्या तुलनेत ही मात्रा काहीशे पट असते.

वर्षानुवर्षे चालणारा हिशेब

जे वाचले त्यांचा हिशेब तिथे मिटला नाही. काही वर्षांतच रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढू लागले. सहा ते आठ वर्षांनी ते शिखरावर पोहोचले आणि लहान मुलांना सर्वाधिक झळ बसली. साधारण दहा वर्षांनंतर स्तन, फुप्फुस, जठर आणि थायरॉइडचे कर्करोग वाढलेले दिसले. सुमारे १ लाख २० हजार लोकांचा हा अभ्यास आजही सुरू आहे आणि वाढलेला धोका आयुष्यभर राहतो, असे त्यातून दिसते. स्फोटाच्या वेळी आईच्या पोटात, विशेषतः आठ ते पंधरा आठवड्यांच्या अवस्थेत असलेल्या काही बाळांची डोकी लहान राहिली, बौद्धिक वाढ खुंटली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांमध्ये आनुवंशिक आजार वाढल्याचे आजवर आढळलेले नाही. तरीही ‘हिबाकुशा’ म्हणजे बॉम्बमधून वाचलेला, एवढ्याच कारणाने कित्येकांची लग्ने मोडली, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अनेकांनी आपली ओळख लपवली.

सलाइनचे साधे गणित

‘आज वैद्यकशास्त्र पुढे गेले आहे’ असे कुणी म्हणेल. एक गणित करून पाहू. साठ किलो वजनाच्या माणसाचे चाळीस टक्के शरीर भाजले, तर रूढ सूत्रानुसार त्याला पहिल्या चोवीस तासांत साडेनऊ लिटरहून अधिक सलाइन द्यावे लागते, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. असे दहा हजार रुग्ण एकाच सकाळी आले तर पहिल्या दिवशीच सुमारे एक लाख लिटर सलाइन लागेल. शिवाय प्रत्येकाला निर्जंतुक खाट, रक्त, त्वचारोपण आणि कित्येक आठवडे शुश्रूषा. तेही रुग्णालये कोसळलेली, वीज-पाणी बंद, रस्ते ढिगाऱ्याखाली आणि डॉक्टर स्वतः जखमी असताना.

हे आपल्यापासून दूरचे नाही. भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ मध्ये मुंबईवर हिरोशिमाएवढा, म्हणजे १५ किलोटनांचा बॉम्ब पडला तर काय होईल, याचा अभ्यास केला. बॉम्ब कुठे पडतो आणि तिथली वस्ती किती दाट, यानुसार मृत्यूंचा अंदाज दीड लाखांहून अधिक ते आठ लाखांहून अधिक असा निघाला. आजचे अनेक बॉम्ब हिरोशिमाच्या बॉम्बहून कित्येक पट शक्तिशाली आहेत.

आयोडीनच्या गोळीबद्दलही गैरसमज आहे. ती फक्त थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू देत नाही. दाब, उष्णता आणि थेट किरणांपुढे ती निरुपयोगी आहे.

युद्धाचे नियम आणि बॉम्ब

युद्धालाही नियम असतात. सैनिक आणि नागरिक यांत फरक करावा, अनावश्यक यातना देऊ नयेत, जखमींवर उपचार होऊ द्यावेत. शहरावर टाकलेला अणुबॉम्ब यातला कोणताच नियम पाळू शकत नाही, मग तो टाकणाऱ्याचा हेतू काहीही असो. त्याचे परिणाम सीमाही पाळत नाहीत. दक्षिण आशियात हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब वापरले गेले तर जळत्या शहरांतून सुमारे ५० लाख टन काजळी वर जाईल आणि पृथ्वीचे सरासरी तापमान काही वर्षे एक अंशाहून अधिक घसरेल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडला. म्हणजे युद्धाशी संबंध नसलेल्या देशांतही पिके बुडतील, ताटे रिकामी राहतील.

दुसरी बाजूही आहे. बॉम्बमुळे महायुद्ध लवकर संपले, बॉम्बच्या धाकानेच मोठी युद्धे टळतात, असे मानणारे आहेत. त्यावर इतिहासकारांत आणि तज्ज्ञांत वाद आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ मध्ये अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे मानवतावादी कायद्याच्या विरोधात जाईल, असे मत दिले. पण राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असेल तर काय, यावर निर्णायक उत्तर देता येत नसल्याचेही सांगितले. अण्वस्त्रबंदीचा करार २०२१ पासून लागू आहे. मात्र भारतासह एकही अण्वस्त्रधारी देश त्यात नाही. आपण प्रथम अण्वस्त्र वापरणार नाही, हे भारताचे जाहीर धोरण आहे. धाक चालतो तो प्रत्येक वेळी, प्रत्येक नेत्याचे डोके शांत राहिले आणि एकही यंत्र चुकले नाही तरच.

बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेच्या झटक्याने वाचवणारे यंत्र विकसित करणारे अमेरिकी डॉ. बर्नार्ड लाऊन आणि सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. येवगेनी चाझोव्ह यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९८० मध्ये, अणुयुद्धाविरोधी डॉक्टरांची संघटना उभारली. तिला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे साधे होते : ज्या रोगावर उपचार नाही, तिथे प्रतिबंध हाच एकमेव मार्ग उरतो. २०२४ चे नोबेल हिबाकुशांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ या संघटनेला मिळाले. तिचे सदस्य आता वृद्ध झाले आहेत आणि अंगावरचे व्रण दाखवून सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी ‘एकदाचा टाकून द्या’ म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे : त्यानंतर जखमींना न्यायचे कुठल्या रुग्णालयात?