सदाफुली : दारातले विष, कारखान्यातले औषध

वरळी कोळीवाड्यातून किल्ल्याकडे जाताना दारादारांत सदाफुली दिसते. खाऱ्या वाऱ्यात, रंगाच्या जुन्या डब्यातही ती बारमाही फुलते. पाने इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही. झाड विषारी आहे. तरीही मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून पुष्कळ लोक तिची पाने चावतात आणि काही दुकानांत भुकटीही मिळते. म्हणून या जिनसेची नीट ओळख व्यापारी बांधवांना असली पाहिजे.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. जमैकात मधुमेहावर तिचा काढा देत. १९५२ साली तिथली पाने कॅनडात पोहोचली. रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. साखर उतरली नाही. मात्र अर्क टोचताच रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या व उंदीर जंतुसंसर्गाने मेले. हेच विष कर्करोगाच्या पेशींवर चालेल, असा विचार त्यातून पुढे आला. १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन जाहीर झाले, मागोमाग व्हिन्क्रिस्टिन आले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही महत्त्वाचे औषध आहे.

यात मुंबईचाही वाटा आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने १९८०च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने ही औषधे देशात तयार केली.

आता हिशेब पाहू. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून थेट शिरेतून देतात. एवढी काळजी घेऊनही केस गळतात, बोटे बधिर होतात. उलट पानांत शंभराहून अधिक अल्कलॉइड असतात; पुडीत कोणते किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. गर्भवतींनी तर ती घेऊच नये. आम्ही कापडवाले कापसाची गासडी दाखवून सदऱ्याच्या कापडाचे पैसे घेत नाही. तसेच पानाची भुकटी म्हणजे औषध नव्हे.

कायद्याचेही भान हवे. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. दुकानाबाहेरची पाटीही जाहिरातच ठरते.

तामिळनाडूत सदाफुलीची शेती होते. पाने व मुळे औषध कारखान्यांना जातात. या मालात ज्याला धंदा करायचा असेल, त्याने सौदा कारखान्याशी करावा. आजाऱ्याला मात्र डॉक्टरांकडेच पाठवावे.